रंजकदाणीवाले काका

काकांकडे बंदूक नाही. बंदुकीचा परवाना नाही. बंदुकीची दारू नाही आणि दुसऱ्या दारूला ते शिवत नाहीत. तरीही चकमकीच्या बंदुकीत रंजक कशाने घालावी, या प्रश्नावर ते निवृत्त झाल्यापासून विचार करत आहेत. निर्णय अजून व्हायचा आहे.

काका मूळचे मिरजेचे. पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नोकरीला आले आणि ‘मुलीची दहावी झाली की परत जाऊ’ म्हणता म्हणता चेन्नईतच मुरले. आता काकू सांबारात गुळाचा खडा टाकतात, एवढीच काय ती मिरजेची खूण. काकांसारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी तंबू निवडत बसतो आणि हिमालय राहतो. कुणी तंबोऱ्याच्या भोपळ्यासाठी मिरजेला खेटे घालतो आणि सा लावायचा राहतो. यांना हौशी म्हणावं, तर हौस फिटलेली चालत नाही. अभ्यासू म्हणावं, तर परीक्षेला बसत नाहीत. काका या मंडळींचे मेरुमणी.

लागण झाली ती एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात. १८५१ सालची ही जुनी संस्था. घरी पाहुणे आले की त्यांना तिथल्या ब्राँझच्या मूर्ती बघायच्या असतात, नटराजापुढे उभं राहायचं असतं. काका त्यांना ‘आपल्या तंजावरच्या भोसल्यांचं काहीतरी दाखवतो’ असं सांगून शस्त्रांच्या दालनाकडे वळवतात. यात फसवणूक नाही. तंजावरच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारातली बरीच हत्यारं खरोखरच इथे आली. १८५५ मध्ये तिथले शेवटचे राजे शिवाजी मुलगा न ठेवता गेले, कंपनीने राज्य खालसा केलं, हे सगळं काका भराभर उरकतात. मग आवाज खाली आणून म्हणतात, “राज्य गेलं ते गेलं. रंजकदाण्या कुठे गेल्या?”

पाहुणा गप्प. त्याला रंजक म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. काकांना तेच हवं असतं.

“असं बघ,” काका सुरू होतात. “ठासणीच्या बंदुकीत मुख्य दारू तोंडाकडून ओतायची, वर गोळी, आणि गजाने ठासायची. ती पेटवायची कशी? नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र असतं, तो बंदुकीचा कान. कानाच्या बाहेर एक छोटी प्याली. प्यालीत चिमूटभर बारीक दारू, ती रंजक. चाप ओढला की चकमक पोलादावर आपटते, ठिणग्या प्यालीत पडतात, रंजक भडकते आणि तो जाळ कानातून आत जातो. बार! आणि जाळ आत गेलाच नाही तर?”

“फुसका बार,” पाहुणा सुटकेच्या आशेने म्हणतो.

पण काकांचे नियम अजून बाकी असतात. दाणा जितका बारीक, तितकी रंजक चटकन पेटते. प्याली अर्धीच भरायची, काठोकाठ कधीच नाही. आणि कानावर ढीग करायचा नाही. ढीग झाला की जाळ आत उडी मारत नाही, दारू वातीसारखी जळत जळत आत जाते. चाप ओढल्यावर बार होईपर्यंत नेम हलतो, हरीण हलतं, आणि बंदूक धरणाऱ्याचा विश्वासही हलतो. हे तिन्ही नियम शंभर टक्के बरोबर आहेत. काकांची माहिती कधीच चुकीची नसते. तेच तर दुखणं आहे.

खरा पेच पुढे आहे. प्यालीत रंजक घालायची कशाने, म्हणजे रंजकदाणी कोणती? काकांच्या यादीत पहिला उमेदवार छोटं शिंग. टोकाला बूच, बूच काढा, टिचकी मारा. बूच हरवतं, हा त्याचा दोष. दुसरी पितळी नळी. तिच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली तोटी असते. तोटी प्यालीवर दाबली की दर दाबाला साधारण ३ ग्रेन, म्हणजे ०.२ ग्रॅम दारू पडते. मोजून मापून, रेल्वेच्या माणसाला शोभेलशी. पण बारीक दाणे स्प्रिंगमध्ये अडकले की तोटी रुसते. तिसरी मोगली धाटणीची, हस्तिदंतात काळवीट कोरलेली, झाकणाला खटका असलेली. तशी चीज विकत घ्यायला गेलं तर आधी सायबाचं संग्रहालय लुटावं लागेल, हे काकांनाही मान्य आहे. तरी ती यादीतून काढलेली नाही. “पर्याय म्हणून असू दे,” असं ते म्हणतात.

एकदा मी सहज म्हणालो, “काका, कंपनीचा शिपाई तर काहीच वापरत नव्हता. कागदी काडतूस दातांनी फाडायचा, त्यातलीच थोडी दारू प्यालीत, उरलेली नळीत. आणि मिनिटाला ३ बार काढायचा.”

“म्हणूनच त्याचा नेम लागत नव्हता!” काका म्हणाले. त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती आणि गोळी नळीत सैल बसायची, त्यामुळे नेम लागत नव्हता, हे त्यांनीच मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं.

दारूशिवाय चाचणी घ्यायची कशी, हा प्रश्न काकांनी वाणसामानाच्या डब्यांतून सोडवला. उडवायच्या ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि दारूचे नियम आणखी कडक. खसखशीला मात्र परवाना लागत नाही. दारूच्या दाण्याची प्रत इंग्रजी एफ अक्षरावर मोजतात. एक एफ जाड, चार एफ अगदी बारीक, आणि रंजकेला चार एफ हवी. काकांनी मोहरीला एक एफ केलं, राजगिऱ्याला तीन, खसखशीला चार. मग जेवणाच्या टेबलावर सोनाराचा काटा, एक उपडी वाटी, आणि ऑक्टोबरची ती चेन्नईची हवा, जिच्यात मिठाची बरणी सकाळी भरली तर संध्याकाळपर्यंत ढेकूळ होते. “खरी रंजकही अशीच ओल धरते,” काका तोटी दाबत सांगतात, “आणि बार झाल्यावर प्यालीत राहिलेली काजळी तर या हवेत चिखल होते.” तोटीतून खसखस पडते. काका काट्यावर वाकतात. वहीत आकडा लिहितात. पुन्हा दाबतात.

दिवाळीत काकूंनी अनारशांसाठी डबा उघडला तेव्हा आत खसखस नव्हती. ती पितळी नळीत होती. थोडी शिंगात.

“पिठात लोळवायचे का आता अनारसे?” काकू म्हणाल्या.

“नळीने घाल. दर अनारशाला दोन दाब,” काका म्हणाले. ते गंभीरपणे म्हणाले, हे लक्षात घ्या.

नळीची तोटी आपल्या मनासारखी मिळत नाही म्हटल्यावर काकांनी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एक लेथवाला गाठला. तो बिचारा रोज पंपांचे भाग कातणारा. काकांनी त्याला पितळेची कांडी, स्प्रिंग आणि आकृती काढलेला कागद दिला. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, “एन्न सार इदु?” हे काय आहे, साहेब? काकांनी तमिळमध्ये इतिहासासकट उत्तर दिलं. तोवर त्याची जेवणाची सुट्टी संपली.

आणि मग काकांच्या आयुष्यात खरी बंदूक आली. लेक-जावई पेन्सिल्व्हेनियात असतात. त्या राज्यात १९७४ पासून नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो, फक्त चकमकीच्या बंदुकीचा. कचेरीतल्या मित्रांच्या नादाने जावयाने बंदूक घेतली, रीतसर शिकला, आणि एका रविवारी फोनवर म्हणाला, “बाबा, रंजक घालायला काय घेऊ?”

काका खुर्चीवर बसले. पाणी मागितलं. मग विचारलं, “जावईबापू, तुमच्याकडे हवेत दमटपणा किती?”

त्यानंतर प्रश्नांची रांगच लागली. हातमोजे केवढे जाड? बर्फात बूच पडलं तर सापडेल का? प्यालीची खोली किती? कान प्यालीच्या तळाशी की वर? जावई पट्टी घेऊन मोजत होता, काका तक्ता भरत होते. शिंग एका रकान्यात, नळी दुसऱ्या, आणि तिसऱ्या रकान्यात, पर्याय म्हणून, हस्तिदंती काळवीट. लेक म्हणाली, “बाबा, इथे दुकानात नळी मिळते, काही डॉलरला.” काका म्हणाले, “घाई करू नका. गिंडीहून नमुना येतोय.”

काकू भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. “प्याली अर्धीच भरावी म्हणता ना?” त्या म्हणाल्या. “मग एवढं कशाला ठासताय?”

काकांनी तो प्रश्न वहीत लिहिला नाही.

हंगाम सुरू झाला आणि जानेवारीत संपलाही. मग जावयाचा फोन आला. स्वर जरा अपराधीच. “बाबा, तुमचं ठरत नव्हतं म्हणून मी काहीच घेतलं नाही. बंदुकीच्या नळीत घालतो तीच तीन एफ दारू त्याच शिंगातून चिमूटभर प्यालीत टाकली. पहिल्या फटक्यात बार झाला.”

मी समोरच बसलो होतो. मला वाटलं, आता काका खचतील. हरणाचं काय झालं, हे तरी विचारतील. काकांनी शांतपणे चष्मा पुसला.

“बरं. आणि नंतर कान कशाने साफ केला?”

“कागदाला लावायची क्लिप सरळ केली, बाबा.”

“पोलादाची?” काकांचा आवाज चढला. “अहो, पोलादाने कानाचं भोक झिजून मोठं होतं! सुई पितळेचीच हवी. की तांब्याची? थांबा, तुम्ही काही घेऊ नका. पुढच्या नाताळापर्यंत वेळ आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नवी कोरी वही घेऊन गिंडीला गेले. लेथवाल्याने त्यांना कोपऱ्यावरूनच येताना पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.