आद्यदर्शी काका

देवबागहून डॉल्फिन बघायला सुटणाऱ्या प्रत्येक होडीत एक आद्यदर्शी काका असतात. लाइफ जॅकेटचा पट्टा पोटावर पुरत नाही म्हणून तो मोकळा सोडून त्यांनी नाळेजवळची जागा पटकावलेली असते. डॉल्फिन दिसावा एवढीच बाकीच्यांची अपेक्षा. काकांना तो सगळ्यांच्या आधी दिसावा लागतो.

कर्ली नदीचं मुख ओलांडून होडी समुद्रात शिरते न शिरते तोच काका ओरडतात, "तो बघा!" सगळी होडी डावीकडे कलते. लाट असते. दुसरा 'तो बघा' निघतो पाणकावळा. तिसऱ्या वेळी मात्र तांडेलाला राहवत नाही. "काका, तो जाळ्याचो बोयो आसा. वायच बसान घेवा." काका बसतात, पण 'हलला तर होता' हे त्यांचं म्हणणं उभंच राहतं.

तांडेलाचं लक्ष पाण्यापेक्षा वर घिरट्या घालणाऱ्या कुरवांकडे. मासळी जिथे, तिथे पक्षी आणि तिथेच डॉल्फिन. या किनाऱ्यालगत दिसतात ते बहुतेक हंपबॅक जातीचे. श्वासापुरते वर येतात, करडी पाठ आणि कुबडावरचा इवलासा पर दाखवतात, की गेले खाली. अंगभर उडी क्वचितच. काकांना हे साफ नामंजूर. "गोव्यात अख्खा बाहेर आला होता. हात लागला असता!" मग तांडेलाकडे वळून, "अजून जवळ घ्या की, पैसे मोजलेत."

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसवलंय. पण वाघाभोवती जिप्सी जमतात तशा याच्याभोवती होड्या जमतात, एवढंच त्याच्या पानात पडलेलं दिसतं. आमचा तांडेल भला. त्याने लांबच इंजिन बंद केलं.

काका त्या वेळी पाण्याकडे पाठ करून एका नवविवाहित जोडप्याला समोरचा निवतीचा किल्ला सिंधुदुर्ग म्हणून दाखवत होते. मागे 'फुस्स' असा आवाज झाला. एक मोठी पाठ वर आली, तिला चिकटून एक लहान. "आई, पिल्लू!" होडीतली चिमुरडी किंचाळली. काका गर्रकन वळले. पाण्यावर नुसती वर्तुळं.

"हां, तोच," काका शांतपणे म्हणाले. "मघाशी मी दाखवला होता तो."

चिमुरडीने 'पण ते दोन होते' म्हणून पाहिलं. आईने तिला चिमटा काढला.

धक्क्यावर पुढची मंडळी जॅकेटं चढवत ताटकळत होती. काकांनी उतरता उतरताच त्यांचा ताबा घेतला. "डावीकडे बसा. एक बोया दिसेल. त्याच्या जरासं अलीकडे."