नियमपुस्तिकेतला जिना

ई-स्पोर्ट्समध्ये धावायचं नसतं, उंच उडी मारायची नसते. तरीही व्हीलचेअरवरची, ऐकू न येणारी, एका हाताने खेळणारी मुलं आपल्याकडच्या स्पर्धांत क्वचितच दिसतात. आयोजकांना कारण विचारलं की उत्तर येतं, "तशी नोंदणीच होत नाही." होणार कशी? अर्जात तुम्ही नाव, वय, टीम आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट मागता. 'खेळताना कोणती सोय लागेल?' हा रकाना मात्र ठेवत नाही. त्या मुलांनी काय समजायचं ते समजून घेतलेलं असतं.

अशी मुलंही स्पर्धेत उतरू शकतात, याचा पुरावा जगासमोर आहे. टेक्सासच्या माइक बेगमच्या हातापायांचे सांधे जन्मतःच आखडलेले होते. पालथा पडून, गाल आणि जिभेने कंट्रोलर चालवत तो 'स्ट्रीट फायटर' खेळायचा. 'ब्रॉलीलेग्ज' हे त्याचं खेळातलं नाव. चुन-ली हे पात्र घेऊन खेळणाऱ्यांत एके काळी तो अव्वल गणला गेला आणि अमेरिकेतल्या 'इव्हो' या मोठ्या स्पर्धेतही उतरला. २०२३मध्ये त्याचं निधन झालं. त्याला कुणी वेगळ्या गटात बसवलं नव्हतं. इव्होत फी भरेल तो खेळतो आणि आपला कंट्रोलर आपण घेऊन येतो. आर्केडच्या जमान्यापासून आलेल्या या रिवाजानेच त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं.

नेदरलँड्सचा स्वेन व्हॅन द वेगे पूर्ण अंध आहे. नुसत्या आवाजावर तो हाच खेळ खेळतो. २०२३च्या जूनमध्ये आलेल्या 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये तर प्रतिस्पर्धी किती लांब आहे, फटका वर बसला की खाली, हे आवाजाने सांगणाऱ्या सेटिंग आहेत. खेळ बनवणाऱ्यांनी आपलं काम केलं. आता स्पर्धेच्या यंत्रावर त्या सेटिंग सुरू करू द्यायच्या की नाही, हे आयोजकाच्या हातात असतं.

आणि तिथेच घोडं अडतं. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्यावर दोन मोठी बटणं आणि मागे ओळीने जोडण्या, म्हणजे पायाचं पेडल जोडा नाहीतर हनुवटीने दाबायचं बटण. मुलगा तो घेऊन आला की टेबलावरचा पंच म्हणणार, "बाहेरचं उपकरण चालणार नाही." का? तर इतरांवर अन्याय होईल! दहावीच्या परीक्षेत अंध मुलाला लेखनिक मिळतो, म्हणून मार्क लेखनिकाचे होतात का? कंट्रोलर दिसतो कसा हे पाहू नका, करतो काय ते पाहा. एकदा दाबलं की एकच क्रिया, आपोआप चालणारी साखळी नाही, बटण आपोआप दाबत राहणारा टर्बो नाही. हा नियम सगळ्यांना सारखा लावा आणि उपकरण आदल्या दिवशी तपासा. सामन्याच्या पाच मिनिटं आधी, हेडफोन लावून बसलेल्या पोरासमोर वाद घालू नका.

आता हॉलमध्ये या. प्राथमिक फेऱ्या खाली जमिनीवर आणि अंतिम सामना स्टेजवर. स्टेजला पायऱ्या, रॅम्प नाही. म्हणजे व्हीलचेअरवरच्या मुलीने सगळ्यांना हरवायचं आणि शेवटी चार जणांनी तिला उचलून वर ठेवायचं. हा तिचा अपमान आहे. 'सुरू करा' ही सूचना फक्त माइकवर, म्हणजे कर्णबधिर खेळाडूने शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून अंदाज बांधायचा. तीच सूचना पडद्यावर टाकायला एक पैसा लागत नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली आणलं. ही मान्यता तुम्हाला हवी होती, मिळाली. मग खेळाचा कायदाही लागू होतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळांतल्या दिव्यांगांच्या सहभागासाठीच आहे. जबाबदारी सरकारवर टाकताना ते सुविधांची फेररचना आणि तंत्रज्ञान या दोन्हींचं नाव घेतं. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. तेव्हा सोयीला कुणी मेहरबानी म्हणू नये.

सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हरायचाही हक्क आहे. त्याने यावं, पहिल्याच फेरीत सपाटून मार खावा, घरी जाऊन सराव करावा आणि पुढच्या वर्षी परत यावं. दारातूनच परत पाठवलेल्याला हेसुद्धा मिळत नाही.

म्हणून शेवटचं बोलणं प्रायोजकांशी. मोबाईल कंपन्या, एनर्जी ड्रिंकवाले, महाविद्यालयांचे ट्रस्टी, बॅनरवर तुमचं नाव झळकतं. पैसे देण्याआधी आयोजकाकडून तीन कागद मागा : सोयीचा रकाना असलेला अर्ज, उपकरण-तपासणीचा लेखी नियम आणि रॅम्प दाखवणारा स्टेजचा आराखडा. तिन्ही आले तरच चेकवर सही करा.