मोटारसायकल-सफरीचे नियोजनशास्त्र

नवी मुंबई हे शहर जमिनीवर येण्याआधी कागदावर पूर्ण झाले होते, ही गोष्ट तेथील रहिवाशांच्या स्वभावाचा विचार करताना विसरून चालत नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकात मांडलेली कल्पना आणि 1970 च्या मार्चमध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे आराखडे यांतून खाडीपलीकडच्या भातखाचरांवर आधी नोड, नोडात सेक्टर आणि सेक्टरात भूखंड उतरले, आणि माणसे त्यानंतर राहायला आली. (आगरी-कोळ्यांची गावठाणे तेथे आधीपासूनच होती, पण ती आराखड्याला नेहमीच थोडी अडचणीची वाटत आली.) अशा शहरात स्थिरावलेल्या पन्नाशीच्या मोटारसायकलस्वाराच्या मनात दक्षिण युरोपची सफर आली, की तो गाडीखाली वाकून साखळी तपासत नाही, तर एक्सेलची कोरी शीट उघडतो. नियोजन हे सफरीचे साधन होय, असा सर्वसाधारण समज असला तरी नेरूळ, सीवूड्स आणि खारघर येथे मिळणारा पुरावा वेगळे सांगतो: तेथे नियोजन हीच सफर असून प्रत्यक्ष प्रवास हे तिचे ऐच्छिक परिशिष्ट होय.

या सफरीचे मूळ रूप साधारणतः ठरलेले असते. इटलीच्या टाचेपर्यंत दुचाकीने उतरायचे, ब्रिंदिसी किंवा बारी या बंदरात गाडीसह जहाजात चढायचे, एड्रियाटिक आणि आयोनियन समुद्रावर रात्र काढायची आणि सकाळी ग्रीसमधील इगुमेनित्सा बंदरात उतरून डोंगरातला रस्ता धरायचा, असा तो मनोरम क्रम. परंतु या क्रमाच्या दाराशी शेंगेन व्हिसा उभा असतो. लक्झेंबर्गमधील ज्या गावी 1985 साली यासंबंधीचा करार झाला त्या गावाचे नाव धारण करणारा हा व्हिसा एकोणतीस देशांत चालतो आणि 180 दिवसांच्या कोणत्याही अवधीत 90 दिवस राहू देतो. मात्र अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच देशाकडे करावा लागतो, आणि मुक्काम समसमान असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल पडेल त्याच्याकडे. या साध्या नियमाने नवी मुंबईतील अनेक बुद्धिमान माणसांची झोप उडवली आहे. इटलीत सात रात्री आणि ग्रीसमध्ये सात रात्री धरल्या, तर मधली जहाजावरची रात्र नेमकी कोणाच्या खात्यावर टाकायची, या प्रश्नावर दोन पक्ष पडतात. जहाजाच्या मालकीवरून देश ठरवावा, असे एका पक्षाचे म्हणणे असते. मध्यरात्रीचा ठोका पडेल तेव्हा जहाज ज्याच्या सागरी हद्दीत असेल त्या देशाची ती रात्र, असे दुसरा पक्ष मानतो. तिसरा पक्ष घरातील सौभाग्यवतींचा असतो आणि विमानाने पॅरिसला जावे, असे त्याचे प्रथमपासूनचे मत असते.

यानंतर गाडीचा प्रश्न येतो. स्वतःचीच गाडी न्यायची असा आग्रह असेल तर कार्ने नावाची पुस्तिका लागते. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट; ही गाडी परक्या देशात विकली जाणार नाही, ती ठरल्या मुदतीत बाहेर पडेल, अशी जकात खात्याला दिलेली ती हमी असते. युरोपीय संघाच्या देशांत तिची गरज पडत नाही, पण तेथवर जमिनीने पोचायचे तर वाटेत इराणसारखे देश लागतात आणि ते ती मागतात. गाडी तिकडेच भाड्याने घ्यायची, तर पासपोर्ट आणि देशी लायसन्स यांच्या जोडीला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो वाशीच्या आरटीओत मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष टिकतो. नियोजन त्याहून अधिक टिकत असल्याने काही घरांत अशा परवान्यांचा लहानसा संग्रह तयार झालेला असतो. उजव्या बाजूने गाडी हाकण्याच्या सरावाची मात्र वेगळी तजवीज करावी लागत नाही, कारण नवी मुंबईच्या सर्व्हिस रोडवर संध्याकाळी सहानंतर तो सर्वांनाच विनामूल्य घडतो.

धाडस म्हणजे काय, याचे दाखले मराठी मुलखात नाहीत असे नाही. पुण्याच्या रमाबाई लटपटे 2023 साली नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. त्याच काळात खारघरात गुडघ्याच्या पॅडचा कोणता दर्जा घ्यावा यावर चर्चा चालू होती, आणि ती अजून संपलेली नाही. मुंबईहून निघून देशामागून देश ओलांडत इंग्लंडला पोचलेल्या एका मराठी स्वाराची गाडी 2025 च्या ऑगस्टअखेर नॉटिंगहॅमच्या उद्यानातून चोरीला गेली, तेव्हा सर्व हळहळले. परंतु खऱ्या नियोजकाने त्या हळहळीतूनही धडा घेतला आणि शीटमध्ये कुलुपांसाठी स्वतंत्र रकाना उघडला.

सर्वांत मोठा आघात मात्र शिदोरीच्या बाबतीत होतो. चकली, भडंग, मेतकूट, बाकरवडी असा मजकूर शीटमध्ये भरून झाल्यावर कोणाच्या तरी ध्यानात येते, की बाहेरच्या प्रवाशाने आपल्यासोबत मांसाचे किंवा दुधाचे पदार्थ आणण्यास युरोपीय संघाची मनाई आहे. तूप हा दुधाचा पदार्थ असल्याविषयी शास्त्रात दुमत नाही. मेतकूट आत जाणार, गुरगुट्या भाताचीही सोय होणार आणि तूप तेवढे सीमेवर राहणार, ही कल्पनाच इतकी अमानुष आहे की बहुतेक मोहिमा याच टप्प्यावर तात्पुरत्या स्थगित होतात. रजा मंजूर झालेली असते, हेल्मेट नवे असते, आणि मग मनात असलेला समुद्र आणि हातात असलेले पाच दिवस यांचा मेळ कोकणाशी बसतो.

कोकणाचे सागरी वळण हे दक्षिण युरोपच्या सफरीचे सर्वांत जवळचे रूप आहे, हे एकदा मान्य केले म्हणजे नियोजकाला आनंदच होतो, कारण येथेही रस्ता आणि जहाज आळीपाळीने येतात. 2011 साली सुरू झालेले मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण ज्या चिकाटीने चालू आहे ती पाहता शहाणा दुचाकीस्वार किनाऱ्याची वाट धरतो. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने उतरले की म्हसळ्याकडचा वळसा वाचतो. बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला आले की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी पार करणारी फेरीबोट 2003 पासून चिपळूणचा फेरा चुकवत आली आहे. तवसाळहून जयगड, आणि अगदी दक्षिणेला तेरेखोलहून केरी, की गोव्याची हवा लागते. पण या फेरीबोटींपुढे शीट हतबल होते. सुटण्याच्या वेळेचा रकाना भरण्यासाठी धक्क्यावर दूरध्वनी केला तर पलीकडून "या तुम्ही, मिळेल बोट" एवढेच उत्तर येते, आणि ते उत्तर पूर्णपणे खरे असल्यामुळे त्याचा प्रतिवाद करता येत नाही. भरती, ओहोटी आणि पलीकडे थांबलेला आंब्याचा टेम्पो यांवरून वेळ ठरवण्याची ही पद्धत सेक्टर आणि भूखंड यांत विचार करणाऱ्या मनाला आरंभी अराजक वाटते. दुसऱ्या धक्क्यावर शहाळे प्यायल्यानंतर ती तितकीशी वाटत नाही.

पुलांच्या बाबतीत तर दोन्ही किनाऱ्यांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे. इटलीच्या मुख्य भूमीवरून सिसिलीत जाताना मेसिनाची सामुद्रधुनी लागते. तेथे रेल्वेचे डबेसुद्धा जहाजात घालून पार केले जातात, आणि पिढ्यान्‌पिढ्या चर्चेत असलेल्या पुलाला 2025 च्या ऑगस्टमध्ये सरकारी मान्यता मिळाली तर ऑक्टोबरमध्ये तेथील लेखापरीक्षण न्यायालयाने तिला नकार दिला. इकडे उरणजवळच्या करंजा बंदरापुढे रेवस दिसते. त्या दोहोंमधला पूल अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून महाराष्ट्राला दिसत आला आहे, आणि दरम्यानच्या काळात दुचाकी चार हातांनी उचलून होडीत चढवण्याची कला तेथे उत्तम विकसित झाली. इटलीत ही सोय नाही.

कोकणच्या या किनारी वाटेला लागताना नवी मुंबईकराची एक खास कोंडी होते. 2024 च्या जानेवारीत खुला झालेला, सुमारे 22 किलोमीटरांचा अटल सेतू त्याच्या दाराशी येऊन टेकतो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. मांडव्याच्या बोटीसाठी त्याला वाशीच्या खाडीपुलावरून, चेंबूर मागे टाकत भाऊच्या धक्क्यावर जावे लागते, आणि मग समुद्रातून पुन्हा आपल्याच बाजूच्या किनाऱ्याला लागावे लागते. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला 2020 च्या मार्चपासून रो-रो सेवा आहे. रो-रो म्हणजे ज्या जहाजात वाहन स्वतःच्या चाकांवर शिरते आणि स्वतःच्या चाकांवरच बाहेर पडते ते. या सेवेसाठी आलेले जहाज 2019 साली बांधले गेले, आणि ते बांधले गेले ग्रीसमध्ये.

तेव्हा ज्यांच्या ग्रीस-मोहिमेची शीट "फायनल-चार" या नावाने जतन झाली असेल, त्या वाचकांनी एखाद्या सकाळी या ग्रीक जहाजात गाडी घालावी. पाऊण-एक तासाचा प्रवास आहे, व्हिसा लागत नाही आणि तूप चालते. पावसाळ्यात मात्र बोट सुटणार आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे.