दुसऱ्या मजल्यावरील भावी अधिकाऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
भावी उपजिल्हाधिकारी, भावी पोलीस उपअधीक्षक, भावी तहसीलदार आणि चौथे (पद मुलाखतीनंतर ठरेल ते),
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली, सदाशिव पेठ, पुणे.

विषय : घरातील सामाईक इंटरनेटचा मासिक कोटा महिना निम्मा होण्याआधीच संपवल्याबद्दल अभिनंदन.
संदर्भ : आपणच जिन्यातून वाकून विचारलेला प्रश्न, ‘काका, नेट स्लो आहे का?’

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, नेट स्लो नाही. नेट संपले आहे. आपल्या योजनेत महिन्याला १००० जीबी मिळतात. निम्मे संपल्याचा संदेश कंपनीने माझ्या मोबाइलवर पाठवला, तेव्हा मी गुडघेदुखी विसरून वर आलो होतो. चौघेही कानांत बोंडे खुपसून बसला होतात. एकाने एक बोंडूक काढून ‘लेक्चर चालू आहे काका’ एवढे सांगितले आणि पुन्हा घातले. नव्वद टक्क्यांचा संदेश आला तो रात्री दीड वाजता. राज्याच्या प्रशासनासाठी इतक्या रात्रीपर्यंत खपणारी तरुण पिढी आपल्याच घरात आहे, या विचाराने ऊर भरून आला. सकाळी राउटरचे पान उघडून पाहिले आणि तो पूर्ववत झाला.

तरी खचून जाऊ नये. सध्या जी धार सुरू आहे ती २ एमबीपीएसची आहे आणि सरकारी व्याख्येनुसार तेही ब्रॉडबँडच ठरते. २०१३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान ५१२ केबीपीएस पुरत असत. जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस लागतात. पूर्वपरीक्षेला येण्याजोगा मुद्दा आहे, वहीत टिपून ठेवावा. या वेगाने एक जीबीची फाइल उतरवायला एक तास सात मिनिटे लागतात. तेही बाकीच्या पाच जणांनी तेवढा वेळ फोनला हात लावला नाही तर.

आता राउटरच्या पानाविषयी. त्यावर घरातल्या प्रत्येक उपकरणाचे नाव आणि त्याने किती ओढले ते दिसते. आमचे दोन फोन आमच्याच नावाने आहेत, कारण आम्हाला लपवण्यासारखे काही नाही. आपल्यापैकी एका फोनचे नाव ‘भावी कलेक्टर’ आहे, दुसऱ्याचे ‘वर्दी लोडिंग’. महत्त्वाकांक्षा वाखाणण्याजोगी आहे. पण यादीत सर्वात वर आहे तो भावी तहसीलदारांनी गावाहून टेम्पोत घालून आणलेला त्रेचाळीस इंची टीव्ही. ‘यावर नकाशे मोठे दिसतात’ असे तेव्हा सांगण्यात आले होते. नकाशा फोरकेमध्ये, रात्री अकरा ते दीड, पार्श्वसंगीतासह आणि अधूनमधून गोळीबाराच्या आवाजात पाहावा लागतो, हे आम्हाला माहीत नव्हते.

थोडे अंकगणित. आपल्याला सीसॅटला उपयोगी पडेल. १००० जीबी भागिले तीस दिवस, भागिले घरातली सहा माणसे. माणशी रोज साडेपाच जीबी येतात. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यांनुसार एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खाते आणि फोरके ७ जीबीपर्यंत. म्हणजे एका तासाच्या नकाशावाचनात एका माणसाचा दिवसाचा वाटा संपून दुसऱ्याच्या ताटात हात जातो. तो दुसरा बहुतेक मीच असतो.

यावर ‘काका, मोठा प्लॅन घ्या ना’ हा प्रस्ताव आपल्या पहिल्या दिवसापासून प्रलंबित आहे. तो फेटाळण्यात येत आहे. कारण देतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. बिट आणि बाइट यांत आठपटीचा फरक असतो, जाहिरात नेहमी बिटांत बोलते आणि कोटा बाइटांत मोजला जातो. या वेगाने अखंड ओढत राहिल्यास १००० जीबी सव्वाबावीस तासांत संपतात. बऱ्याच कंपन्यांच्या योजनांत असणारा ३३०० जीबीचा कोटाही तीन दिवसांच्या थोडाच पुढे जातो. या सर्व योजनांना जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ म्हणतात आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘फेअर यूसेज पॉलिसी लागू’ असे छापतात. ती अक्षरे वाचण्यासाठी मी भिंग वापरले. आपली दृष्टी चांगली आहे, पण ती इकडे वळत नाही.

आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणून एक प्रश्न घालतो. पाणी पंचायत म्हणजे काय? उत्तर आपल्याला येते. मागच्या महिन्यात आपण ते येरझाऱ्या घालत इतक्या मोठ्याने पाठ करत होतात की खालच्या मजल्यावर आमच्या सौ.लाही ते पाठ झाले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात तो प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने दिले, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला ठेवला नाही, त्यामुळे भूमिहीनांनाही वाटा मिळाला. आणि उसाला मनाई केली. चार लोकांनी ऊस लावला की उरलेल्यांची ज्वारी वाळते, हे तिथल्या माणसाला कुठल्याही अभ्यासिकेत न बसता कळत होते.

आपल्या खोलीत टीव्ही म्हणजे ऊस आहे. महाराष्ट्रात हे पीक जमिनीचा लहानसा तुकडा व्यापते आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा पिते. आकडेवारी आपल्या टिपणांत असेलच. धरण मोठे केले की ऊस वाढतो, कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी होता तिथेच राहतो. मोठा प्लॅन न घेण्यामागे, दरमहा दोनशे रुपये वाचतात याखेरीज, हेही एक कारण आहे. भावी तहसीलदार मूळचे इंदापूर तालुक्यातले. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी शेपटापर्यंत का पोचत नाही, यावर त्यांनी आमच्या ओट्यावर बसून अर्धा तास तावातावाने भाषण दिले होते. तेच गृहस्थ आज या घरातल्या कालव्याच्या तोंडाशी बसले आहेत, आणि शेपटाला आमची सौ. नाशिकच्या लेकीशी व्हिडिओ कॉल लावून तिच्या गोठलेल्या चेहऱ्याकडे बघते आहे. (पुणेकर खडकवासल्याचे किती पाणी पितात, हा प्रश्न या पत्राच्या कक्षेबाहेरचा आहे.)

लेक्चरांबाबत मात्र आपल्यावर अन्याय करू इच्छित नाही. आपण ती खरोखर पाहता. फक्त एकच लेक्चर, एकाच वेळी, चार खाटांवर, चार फोनांवर पाहता. ज्ञान एक, वाहतूक चार. शिवाय सर पांढऱ्या फळ्यापुढे उभे असतात. त्यांच्या शर्टाची वीण दिसली नाही तरी राज्यघटनेतली कलमे तीच राहतात. ४८० वर ठेवले तर पूर्ण एचडीच्या निम्म्याहून कमी डेटात काम भागते. दुप्पट वेगाने पाहिल्याने डेटा वाचतो, हा चौथ्या महोदयांचा सिद्धान्त तपासून पाहिला. वेळ वाचतो, डेटा वाचत नाही. उलट वाचलेल्या वेळात रील्स पाहिल्या जातात.

सिंहगडाच्या सहलीचे व्हिडिओ फोन आपोआप क्लाउडवर चढवत असतात, तेही कोट्यातच मोजले जाते. वर चढलेले आणि खाली उतरलेले दोन्ही धरतात. लॅपटॉपला हे कनेक्शन ‘मीटर्ड’ असल्याचे एकदा सांगून ठेवले की तो मोठे अपडेट विचारल्याशिवाय ओढत नाही. आणि चौथे महोदय, ‘बॅटलग्राउंड’ नावाचा जो प्रकार आपल्या फोनवर वारंवार अद्ययावत होतो, तो सामान्य अध्ययनाच्या कोणत्या पेपरात येतो, हे लेखी कळवावे.

सबब पुढील महिन्यापासून आपली व्यवस्था आपणच करायची आहे. कायदासुद्धा तेच सांगतो. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार कालव्याचे पाणी संस्थेला मोजून मिळते आणि आत कसे वाटायचे ते शेतकरी ठरवतात. त्याच धर्तीवर वरच्या मजल्याला सहाशे जीबी मोजून मिळतील. त्यापुढे वरचे कनेक्शन बंद होईल, खालचे चालू राहील. चौघांनी आपसांत पाळ्या लावाव्यात. उसाला रविवारी दोन तास परवानगी आहे, तीही एचडीत. घरकामाच्या मावशी जिन्यात बसून मुलीच्या शाळेचे कागद उतरवतात. त्यांचा वाटा माझ्या हिश्शातून जाईल, त्यावर कुणी हक्क सांगू नये. पासवर्ड शेजारच्या अभ्यासिकेतल्या मित्रांना दिल्याचे आढळल्यास तो बदलला जाईल आणि नवा पासवर्ड कलम २४३ च्या सर्व पोटकलमांच्या क्रमाने असेल.

राउटरवरचा विणलेला रुमाल काढावा, म्हणजे तो तापणार नाही, ही आपली एकमेव तांत्रिक सूचना मान्य झाली आहे. रुमाल आता टीव्हीवर घातला आहे. तो तिथून हलवू नये.

कोटा १ तारखेला पुन्हा सुरू होईल. तोवर चालू घडामोडींचे मासिक आमच्याकडे कागदावर येते, ते ओट्यावर ठेवले आहे. चौघांत एकच प्रत आहे. आधी कुणी वाचायची ते ठरवून घ्या आणि वाचून झाल्यावर जागेवर ठेवा.

आपला,
घरमालक
(तळमजला, कालव्याचे शेपूट)

प्रत माहितीसाठी : जिन्यातील भिंत.