मौजे आकाश येथील पंचनामा

लंडनला निघालेल्या विमानाने अरबी समुद्र मागे टाकला आणि जेवणाच्या गाड्याचा खडखडाट कानी येऊ लागला, तेव्हा उभी हयात मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेले आमचे नानामामा ज्या प्रसन्न गांभीर्याने समोरचे फळकुट उघडून सरसावून बसले, ते पाहता पुढचा प्रसंग करुणच म्हणावा लागेल. तिकिटासोबत रीतसर नोंदविलेले त्यांचे शाकाहारी भोजन विमानात चढलेच नव्हते. कोंबडी मात्र मुबलक होती. हवाई सुंदरीने अत्यंत अदबीने दिलगिरी व्यक्त करून एक पाव, लोण्याची वडी व मीठ-मिरपुडीच्या पुड्या ठेवल्या.

नानामामांनी तत्काळ कागदी रुमालावर पंचनामा आरंभिला. "पाव नग 1, थंडगार. लोणी वडी 1, दगडासमान. मीठ आहे, ते कशास लावावे, याचा खुलासा नाही." पंच म्हणून माझी सही झाली, पलीकडचा घोरणारा साहेब 'हजर, परंतु बेशुद्ध' असा नोंदला गेला.

आता भरपाईची रक्कम! 1999च्या माँट्रियल करारात मृत्यू, दुखापत, विलंब, गहाळ सामान या सर्वांची तजवीज आहे. भुकेच्या नावे स्वतंत्र कलम नाही. युरोपचा 2004चा 261 क्रमांकाचा नियम विमानतळावर ताटकळणाऱ्यास खाऊपिऊ घालतो, पण उडालेल्या विमानातील रिकाम्या पोटाविषयी मौन पाळतो. म्हणजे जमिनीवर उपाशी तो हक्कदार आणि अंतराळात उपाशी तो तपस्वी! 1919 साली लंडन-पॅरिस मार्गावर हँडली पेज कंपनीने डब्यातले जेवण 3 शिलिंगांस विकले होते, असे मी सांगताच नानामामांनी तीच मुद्दल धरून शतकाचे व्याज आकारावयास घेतले.

मला हा हिशेब मुळातच कोता वाटला. रस्त्यावर एका खाणावळीने दगा दिला तर माणूस दुसरीत शिरतो. ढगांत दुसरी खाणावळ नसते, आणि त्या नसलेल्या खाणावळीचे मोल ज्या भरपाईत धरलेले नाही, तिला न्याय्य कसे म्हणावे?

"अरे, हे कलम घाल अर्जात," मामा म्हणाले.

अर्ज गेला. यथावकाश कंपनीचे उत्तर आले की, प्रकरण सहानुभूतीपूर्वक विचाराधीन असून, पुढील कार्यवाहीसाठी न मिळालेल्या भोजनाचे छायाचित्र दोन प्रतींत जोडावे.