घुटने मोडो

आम्हा देगलूरकरांना बर्फ ठाऊक तो रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. तरी जानेवारीत आम्ही सहा मित्र मनालीच्या पुढं सोलंगला गेलो. तेही ऐन हुरड्याच्या दिवसांत! आखाड्यावरची फुकटची शेकोटी सोडून अडीच हजार मीटर उंचीवर विकतची थंडी खायला.

तिथं सगळा भाड्याचा कारभार. कोट भाड्याचा, बूट भाड्याचे, पायाखालच्या फळ्याही भाड्याच्या. माझ्या कोटाच्या खिशात कुणाचा तरी अर्धा खाकरा निघाला. तो भाड्यात धरला होता का, हे विचारायचं राहिलं. शिकवणारा पोरगा सारखा ओरडत होता, 'घुटने मोडो, घुटने मोडो!' हिंदीत तो सल्ला असेल; मराठी कानाला शापच वाटला. गुडघे वाचले, आमच्यातल्या एकाचा चष्मा तेवढा मोडला. दोन मिनिटं घसरलो, दोन तास फोटो काढले. गावात मात्र 'स्कीइंग करून आलो' एवढंच सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात गुलमर्ग ठरलंय. तिथला गोंडोला म्हणे बसल्या जागी 3,900 मीटरच्या वर नेतो. गाडी पकडायला नांदेडपर्यंत मात्र एसटीच. देगलूरला अजून रेल्वे आलेली नाही.