लष्कराच्या भाकरी, मॉरिशसच्या चुलीवर

"कळलं का गं? मास्तरांच्या घरी पोलीस आलता."

काकूंनी ही बातमी दिली तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा कुंपणाच्या वर होता आणि अर्धा तुराट्यांच्या आड. आमच्या नि त्यांच्या अंगणामधलं हे कुंपण दरवर्षी तूर निघाली की नवं बांधायचं, असं दोन्ही घरी ठरतं. बांधतातही. पण मधलं भगदाड कुणीच बुजवत नाही. राणीसावरगावात रेणुकामातेच्या देवळातल्या पारावर जे कळत नाही, ते या भगदाडातून कळतं.

"कशाला आलता?"

"तेच तर! च्या घेतला, कागद बघितले, पोरीला समोर बसवून काय-काय इचारलं. मंग किराणावाल्याला इचारलं, पोरगी कशी हाय म्हणून. आता किराणावाल्याला पोरीचं काय ठाऊक? उधारी किती तेवढं ठाऊक."

"अहो काकू, पासपोर्टचा असंल. पासपोर्ट काढला की पोलीस पत्ता बघायला येतात. आमच्या भावाच्या टायमालाबी आलते."

"पासपोर्ट? आन् तो कामून?"

पिठाच्या गिरणीवर मला त्या पोरीची आई भेटली होती. म्हणजे निम्मी गोष्ट काकूंकडं होती, निम्मी माझ्याकडं. मी माझी निम्मी पुढं केली.

"मॉरिशसला जायलीय. शिकवायला."

"कुठं आलं ते?"

"हिंदी महासागरातलं बेट आहे. आफ्रिकेच्या अलीकडं. मुंबईहून विमानानं सहा-सात तास."

"म्हंजे परभणीहून मुंबईच लांब की! रेल्वेत अख्खी रात जाते." काकूंनी सुपातली तूर झटकली आणि मुद्द्यावर आल्या. "पगार किती?"

इथंच माझी पंचाईत झाली. पगार नाही. राहणं-खाणं तिथली मराठी मंडळी बघणार, थोडा तिकिटाला हातभार. बाकी सगळं स्वयंसेवकाचं काम, दोन देशांतल्या सांस्कृतिक देवाणघेवाणीतलं.

"फुकट?" काकूंचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत गेला. "बीएड केलं, टीईटी दिली, बापानं शेत गहाण ठेवायचं तेवढं ठेवलं, आन् पोरगी समुद्र ओलांडून फुकट शिकवणार? घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी! त्यापरीस एखादं स्थळ बघितलं असतं तर…"

"काकू, डिसले गुरुजी माहीत आहेत का? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीला जिल्हा परिषदेचे मास्तर होते. २०२० साली जगातल्या सगळ्यांत मोठं शिक्षकाचं बक्षीस मिळालं त्यांना. सात कोटी रुपये."

"बघ! ह्याला म्हणतेत शिक्षण."

"त्यातले निम्मे त्यांनी शेवटच्या फेरीत आलेल्या दुसऱ्या नऊ मास्तरांना वाटून टाकले. देशोदेशीचे मास्तर होते ते."

काकू बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. "निम्मे? सात कोटीतले निम्मे? आन् घरचे काही म्हणले न्हाईत?"

तेवढ्यात खुद्द पोरगीच रस्त्यानं येताना दिसली. खांद्याला झोळी, हातात प्लास्टिकची फाईल. काकूंनी तिला हाक मारून भगदाडातून आत ओढलं आणि ओट्यावर बसवलं. पोलिसानं विचारले नसतील इतके प्रश्न आता तिला झेलायचे होते, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

"त्या फायलीत काय हाय?"

"काकू, चार महिन्यांचं आयुष्य आहे त्यात." तिनं फाईल उघडली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, शेजारी आईचं. आधारवर आधी नाव. शाळेच्या दाखल्यावर आडनावातलं एक अक्षर वेगळं, आणि इंग्रजीत लिहिताना कुणीतरी एक 'ए' जास्त घातलेला. आपण एकच माणूस आहोत हे सिद्ध करायला तिनं प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं, आणि मगच पासपोर्टचे दीड हजार भरले. आता पदवीच्या कागदाची पाळी. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग मंत्रालय, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. त्या शिक्क्याला अपोस्टिल म्हणतात. शिवाय अंगावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला वेगळा.

"इतकं कामून? फुकटच शिकवायचं तर जायाचं नि शिकवायचं."

"फिरायला म्हणून जायचं आणि शाळेत जाऊन उभं राहायचं, असं चालत नाही. पैसे घ्या नाहीतर नका घेऊ. लेकरांसमोर जायचं तर कोण, कुठली, कशी, हे त्यांना आधी कळायला नको का?"

"ते बरंय," काकू म्हणाल्या. "आपल्याकडं तर कुणीबी येतंय." मग त्यांनी पदवीचा कागद हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन वरची ओळ एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचली. "स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. स्वामीजींच्या नावाचं व्हय?"

"व्हय काकू. परभणी, नांदेड, लातूर, हिंगोली, सगळे त्याच्यातच. १९९४ ला निघालं."

मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. काकूंनी सूप बाजूला सारलं.

"आमचे अण्णा सही उर्दूत करायचे," त्या म्हणाल्या. "निजामाचं राज. वरच्या वर्गाची शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, जमिनीचे कागद उर्दूत. घरात मराठी बोलायची आन् शिकायचं उर्दूत. मराठीतून शिकायचं म्हंजे लांब जावं लागायचं. अण्णांचा थोरला भाऊ अंबाजोगाईला होता शिकायला, योगेश्वरीत. तिथं स्वामीजी मुख्याध्यापक. अण्णा सांगायचे, हा माणूस आपल्याकडचा न्हाई, इंग्रजांच्या मुलखातून आला."

"बरोबर आहे," पोरगी म्हणाली. "विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, मग १९३५ ला अंबाजोगाईला. ३८ साली शाळा सोडून सत्याग्रहात गेले."

"म्हंजे तेबी परमुलखातच आलते शिकवायला."

"तेव्हा हैदराबाद संस्थान म्हणजे वेगळंच राज्य की. तिकडून इकडं यायचं म्हणजे हद्द ओलांडायची."

"आन् संन्याशाला कसला आला पगार!" हे काकूंनीच म्हटलं, आणि म्हटल्यावर आपण मघाशी काय बोललो होतो ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी लगबगीनं तूर पुन्हा सुपात घेतली. मी काही बोलले नाही. शेजारधर्मात अशा वेळी गप्प बसायचं असतं. पण मनात आलं, मराठवाड्यात मराठी शाळा जी उभी राहिली, ती असल्या बाहेरून आलेल्या माणसांच्या लष्कराच्या भाकरीवर. हिप्परग्याच्या शाळेत १९२१ साली कुणी पगाराचा आकडा बघून आलं असतं, तर काकूंना आत्ता तो कागद वाचता आला असता का, कोण जाणे. घेतलं ते कधीतरी कुणालातरी द्यावं लागतंच.

"पण तिकडं मराठी कोण शिकतंय?" काकूंनी विषय बदलला.

इथून पोरगी रंगात आली. १८३४ साली इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना माणसं मिळेनात. मग करार करून हिंदुस्थानातून मजूर नेले. १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या धक्क्याच्या दगडी पायऱ्या अजून जपून ठेवल्यात. अप्रवासी घाट म्हणतात, २००६ साली जागतिक वारशात घेतलाय. कुणी बिहारचे, कुणी तमिळ, कुणी तेलुगू, आणि मुंबईच्या बंदरातून गेलेले आपले मराठी, बहुतेक रत्नागिरी-साताऱ्याकडचे. त्यांचीच ही पाचवी-सहावी पिढी.

"ऊस तोडायला?" काकूंचा हात थांबला.

"ऊस तोडायला."

आमच्या भागात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दसरा झाला की गंगाखेड तालुक्यातल्या कितीतरी गावांतून, तांड्यांवरून ट्रक भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाचे फड. म्हातारी माणसं घर राखायला आणि लेकरं कधी मागं, कधी ट्रकच्या टपावर. जी मागं राहतात त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. ही पोरगी गेली काही वर्षं संध्याकाळी तिथंच जाऊन शिकवते. तेही फुकट. मघाशी पगार विचारणाऱ्या काकूंच्या हे कसं लक्षात नव्हतं? पण गावात रोज दिसणारं काम दिसत नाही. समुद्र ओलांडला की दिसतं.

"उचल घेऊन गेले आन् तिथंच राह्यले," काकू म्हणाल्या. "बरं, मराठी बोलतेत का?"

"घरात क्रिओल बोलतात. फ्रेंचमधून झालेली भाषा आहे. शाळेत इंग्रजी, फ्रेंच, आणि ज्याला पाहिजे त्याला मराठी. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, आरत्या पाठ असतात. पण 'पाणी दे' म्हणायचं तर अडतात."

"मंग तू कशी शिकवणार? तुला ते क्रिओल येतंय का?"

"तांड्यावरच्या लेकरांना कसं शिकवते? ती घरी गोरमाटी बोलतात. पहिलीला आली की मराठी त्यांना परकीच. आधी बाराखडी गिरवायला लावली की तोंड उघडत नाहीत. म्हणून मी पहिले कितीतरी दिवस पाटीच काढत नाही. ऊठ, बस, आण, दे, लप, शोध. नुसता खेळ. कान तयार झाला की मग अक्षर."

तिनं झोळीतून चित्रांचा गठ्ठा काढला. हाताएवढे, जाड पुठ्ठे, एका बाजूला रंगवलेलं चित्र: बैल, तांब्या, खुरपं, भाकर, पाऊस, कोयता. चित्राच्या कडेला रंगाची पट्टी. 'तो' असेल तर निळी, 'ती' असेल तर लाल, 'ते' असेल तर पिवळी. तो बैल, ती भाकर, ते खुरपं. क्रिओलमध्ये ही भानगड नाही, म्हणून हे रंग आधी पाठ करून घ्यायचे, असं तिचं म्हणणं. मी एक पुठ्ठा उलटा केला. मागं सोनेरी गणपती, 'श्री गजानन प्रसन्न', आणि खाली कुणाच्या तरी चिरंजीवांचा शुभविवाह.

"लग्नपत्रिका आहेत त्या," ती हसली. "जुन्या. यांच्याइतका चांगला पुठ्ठा विकत मिळत नाही."

काकूंनी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला. "खुरपं कामून? तिथं कोण खुरपतंय? बोट दाखीव, मासा दाखीव."

"तेच करायचंय. निम्मी चित्रं इथूनच काढून न्यायची, निम्मी तिथं गेल्यावर लेकरांकडून काढून घ्यायची. झाकरी म्हणून नाच आहे त्यांचा, आपल्या कोकणातल्या जाखडीचा. मला त्यातलं एक पाऊल येत नाही. ते त्यांनी मला शिकवायचं."

"तूच मास्तरीण आन् तूच ढ," काकू म्हणाल्या, पण आवाजात कौतुक होतं. मग सामान निघालं. येसर करून देते, शेंगदाण्याची चटणी देते, जवारीचं पीठ दोन पायल्या, आणि रुजवायला कढीपत्त्याचं एक रोप.

"रोप नको काकू! रोपं, बियाणं, फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. बाकीचंबी नियम बघूनच भरीन."

आता माझ्या मनातला प्रश्न मी विचारला. तो विचारल्याशिवाय तिला जाऊ देणं बरोबर नव्हतं. "तू तिकडं गेलीस तर इकडच्या वसतिगृहातल्या लेकरांना कोण बघणार?"

याचं उत्तर तिच्याकडं तयार होतं; त्यावरूनच तिनं तारखा ठरवल्या होत्या. फड संपून टोळ्या एप्रिलपर्यंत परततात, वसतिगृह बंद होतं. मॉरिशसची शाळा जानेवारीत भरते, दुसरं सत्र आपल्या उन्हाळ्याच्या सुमारास चालू होतं. ती टोळ्या आल्यावर निघणार, तिकडची गणेश चतुर्थी करणार आणि दसऱ्याच्या आत परत. "ट्रक निघायच्या आधी मी गावात पाहिजे," ती म्हणाली. "तिकडं सहा महिने नसले तरी मराठी चालतेच. इकडं एक हंगाम हुकला तर लेकरू शाळेतून गेलं."

काकूंनी मान हलवली आणि कामाला लागल्या. "किती पाहिजेत तुला पत्रिका?"

"मिळतील तेवढ्या. शंभर चित्रं करायचीत."

काकूंना एवढंच पाहिजे होतं. त्या उठल्या, भगदाडाकडं न येता रस्त्याच्या बाजूला गेल्या आणि पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अगं ए माय, मास्तरांच्या पोरीसाठी पत्रिका पाहिजेत! लग्नाच्या! शंभर!"

संध्याकाळी गिरणीवर गेले तर दळण टाकायच्या आधीच तिथल्या बायांनी मला घेरलं. पोरीचं लग्न ठरलंय, मुलगा मॉरिशसचा आहे, उसाचा मोठा बागाईतदार आहे, पत्रिकासुद्धा छापायला टाकल्या, आणि मघा आलेला पोलीस नवऱ्याकडचा मामा होता.

"हुंडा किती?" एकीनं विचारलं.

"उलट आहे," मी म्हटलं. "पोरगीच फुकट शिकवणार आहे."

"अगं बाई," ती म्हणाली, "म्हंजे सासरचे लईच वस्ताद दिसतेत."